स्टार्टवर राइट-क्लिक: विंडोजच्या आतल्या सेटिंग्जकडे थेट कसं जायचं

प्रिंटर जोडला, केबल नीट बसली आहे, तरी कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही. अशा वेळी बहुतेक जण सेटिंग्ज उघडतात, डावीकडची यादी चाळतात, दोन-तीन पानं आत जातात आणि शेवटी गुगलवर शोधतात. खरं तर ज्या खिडकीत जायचं असतं ती स्टार्ट बटणापासून दोन बोटांवर असते. फक्त त्या बटणावर नेहमीसारखं डावं क्लिक न करता उजवं करायचं.

हा मेनू विंडोज ८ बरोबर २०१२ साली आला. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीत स्टार्ट बटणच काढून टाकलं होतं आणि लोक चांगलेच वैतागले होते. पण डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात राइट-क्लिक केलं की कामाच्या सगळ्या खिडक्यांची एक साधी यादी उघडायची. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, यादी तिथेच राहिली. आज विंडोज ११ मध्येही ती आहे. तिच्यात ना चित्रं आहेत ना जाहिराती, आणि माझ्या मते विंडोजमधली सर्वांत कमी बिघडवलेली गोष्ट हीच.

मेनू उघडायचा कसा

माउसने: स्टार्ट बटणावर राइट-क्लिक. कीबोर्डने: विंडोजच्या चिन्हाची की दाबून धरा आणि एक्स दाबा. खाली याला मी ‘विन + एक्स’ म्हणेन.

कीबोर्डची सवय लावून घ्या, कारण खरा वेग त्यात आहे. मेनू उघडला की प्रत्येक नावातलं एक अक्षर अधोरेखित दिसतं. ते अक्षर दाबलं की खिडकी उघडते, माउसला हात लावायची गरज नाही. विंडोज इंग्रजीत असेल तर लक्षात ठेवण्याजोगी अक्षरं ही:

- एम: डिव्हाइस मॅनेजर
- के: डिस्क मॅनेजमेंट
- व्ही: इव्हेंट व्ह्यूअर
- वाय: सिस्टिम
- डब्ल्यू: नेटवर्क कनेक्शन्स
- टी: टास्क मॅनेजर
- आर: रन (एकच कमांड लिहायची छोटी चौकट)
- ए: अ‍ॅडमिन हक्कांसह टर्मिनल (कमांड लिहून काम करायची खिडकी), विंडोज १० वर पॉवरशेल
- यू: शट डाउन, रीस्टार्ट वगैरेंचा उपमेनू

शेवटचं ‘यू’ दोनदा दाबलं की मशीन बंद होतं, ‘यू’नंतर ‘आर’ दाबलं की रीस्टार्ट. म्हणजे विन + एक्स, यू, यू. मॉनिटर काळा पडला आहे पण आतून मशीन चालू आहे, अशा वेळी हा क्रम न बघताही दाबता येतो. त्याआधी विन + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबून बघा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच चित्र परत येतं.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना. अक्षर दाबून काही होत नसेल तर आधी कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का ते बघा. विन + स्पेसने इंग्रजीवर या आणि पुन्हा दाबा. रनच्या चौकटीत कमांड लिहितानाही हेच.

डिव्हाइस मॅनेजर: न ओळखलेल्या वस्तूंचं घर

विन + एक्स, एम. मशीनला जोडलेल्या प्रत्येक भागाची इथे नोंद असते. काही बिनसलं असेल तर त्या नावावर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसतं. त्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत एक कोड लिहिलेला असतो. तो न वाचता लोक थेट ड्रायव्हर शोधत सुटतात, आणि तिथेच वेळ जातो.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड २२ म्हणजे ते उपकरण कुणीतरी बंद करून ठेवलं आहे. राइट-क्लिक करून ‘एनेबल डिव्हाइस’ केलं की काम झालं, ड्रायव्हरचा काही संबंध नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. यूएसबीच्या वस्तूला ४३ दिसला तर आधी पोर्ट आणि केबल बदलून बघा.

अपडेटनंतर काही बिघडलं, समजा आवाज गेला किंवा वाय-फाय तुटू लागलं, तर असं करा:

१. त्या उपकरणावर राइट-क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर नावाचा टॅब.
२. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येत असेल तर दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो.
३. ते फिकट असेल तर जुनी आवृत्ती शिल्लक नाही. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ते उपकरण नव्याने शोधतं.

कीबोर्ड किंवा माउस अनइन्स्टॉल करण्याआधी मात्र थांबा. पुढचं क्लिक करायला तेच लागणार आहेत.

आणखी एक जागा फार उपयोगी आहे. वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये बऱ्याच मशीनवर ‘पॉवर मॅनेजमेंट’ असा टॅब असतो. त्यात वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी विंडोजला देणारी खूण असते. ती काढली की मशीन झोपेतून उठल्यावर वाय-फाय गायब होण्याची तक्रार अनेकदा थांबते.

डिस्क मॅनेजमेंट: जपून, पण घाबरून नाही

विन + एक्स, के. पेन ड्राइव्ह लावला, टुंग असा आवाज आला, पण ‘धिस पीसी’मध्ये काहीच नाही, तर सरळ इथे या.

खिडकीच्या खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. आपला पेन ड्राइव्ह कोणता ते आकारावरून ओळखा. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह २९ जीबीच्या आसपास दाखवतो, ती चूक नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. डाव्या चौकटीत ‘रिमूव्हेबल’ लिहिलेलं असेल तर खात्री पटते.

आता त्या पट्टीवर काय लिहिलंय ते नीट बघा, कारण इथून तीन वेगळे रस्ते फुटतात.

वर निळी रेघ आहे, फाइल सिस्टिमचं नाव आहे, पण ड्राइव्हचं अक्षर नाही. ही सर्वांत सोपी गोष्ट. पट्टीवर राइट-क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘अ‍ॅड’, मोकळं अक्षर निवडा, ओके. डेटाला धक्का लागत नाही आणि ड्राइव्ह लगेच दिसू लागतो.

काळी रेघ आणि ‘अनअ‍ॅलोकेटेड’. यावर भागच (पार्टिशन) आखलेला नाही. नवीन डिस्क असेल तर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करून पुढे जा. पण कालपर्यंत यात फोटो होते, तर इथे काहीही तयार करू नका.

‘रॉ’ असं लिहिलेलं. विंडोजला आतली रचना वाचता येत नाही, आणि तेवढ्यात ‘फॉरमॅट करू का’ असं विचारणारी चौकट वर येते. तिला ‘कॅन्सल’ म्हणा. डेटा हवा असेल तर आधी तो काढून देणाऱ्याकडे जा. फॉरमॅट नंतर कधीही करता येतो.

नवी एसएसडी बसवली की ही खिडकी उघडताच ‘इनिशियलाइज डिस्क’ विचारलं जातं. एमबीआर की जीपीटी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती), तर जीपीटी निवडा. एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, आणि विंडोज ११ ची मशीन मुळात जीपीटीवरच चालतात.

सगळ्यांना हवा असतो तो प्रकार म्हणजे सी ड्राइव्हमधून डी काढणं. सीच्या पट्टीवर राइट-क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’, आणि किती जागा काढायची ते एमबीमध्ये लिहा. १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहायचे. मोकळी जागा ३०० जीबी असूनही विंडोज कधी कधी ४०-५० जीबीच देऊ करतं. हायबरनेशनची किंवा पेजिंगची फाइल (मशीन झोपवताना किंवा रॅम अपुरी पडताना विंडोज वापरतं ती) डिस्कच्या मध्येच कुठेतरी बसलेली असते आणि ती जागची हलत नाही, म्हणून असं होतं.

याच्या उलट, सी वाढवायचा असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. ते फिकट दिसतं तेव्हा लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं. मोकळी जागा सीच्या उजवीकडे अगदी लगत हवी, आणि बहुधा मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग आडवा पडलेला असतो. तो भाग आणि ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाचा भाग, या दोघांना हात लावायचा नाही. ईएफआय गेला तर मशीन सुरूच होणार नाही.

इव्हेंट व्ह्यूअर: मशीन रात्री का बंद पडलं?

विन + एक्स, व्ही. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ उघडून त्यातलं ‘सिस्टिम’ निवडा. हजारो नोंदी दिसतील. त्या वाचत बसू नका. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’वर क्लिक करा आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत ४१, ६००८, १०७४ हे आकडे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन लिहा. ओके केलं की मोजक्या ओळी उरतात.

४१, सोबत ‘कर्नल-पॉवर’ हे नाव: मशीन नीट बंद न होता एकदम थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. ६००८ तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. १०७४ म्हणजे कुणीतरी रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केलं. त्या ओळीवर क्लिक केलं की खाली कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, तेही दिसतं. रात्री अपडेटने रीस्टार्ट केलं की ऑफिसात कुणी केलं, हा वाद इथे मिटतो.

भारनियमन असलेल्या गावात ४१ ची रांग लागलेली दिसली तर नवल नाही. ४१ ची वेळ मशीन पुन्हा सुरू झाल्याची असते, ते थांबल्याची वेळ ६००८ च्या मजकुरात लिहिलेली असते; ती जुळवून बघा. ती वीज गेल्याच्या वेळेशी जुळत असेल तर यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली. वीज असतानाही ४१ येत असेल, त्यातही गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना, तर पॉवर सप्लाय, रॅम आणि उष्णता या क्रमाने तपासा.

या खिडकीबद्दल एक धोक्याची गोष्ट. धडधाकट मशीनवरही इथे लाल आणि पिवळ्या खुणा भरपूर असतात. ‘आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं सांगणारे भामटे फोनवरून नेमकी हीच खिडकी उघडायला लावतात आणि त्या लाल खुणा दाखवून घाबरवतात. फोन ठेवून द्या. घरातल्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३० आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

सिस्टिम, आणि त्यामागची जुनी खिडकी

विन + एक्स, वाय केलं की मशीनची माहिती दिसते. त्याच पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ अशी छोटी लिंक असते, आणि ती उघडली की जुन्या धाटणीची टॅब असलेली खिडकी येते. ‘परफॉर्मन्स’समोरच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं की जुनं मशीन थोडं हलकं चालतं. मात्र त्यानंतर ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’वर परत खूण करा. ती गेली तर देवनागरी अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात आणि वाचवत नाही.

त्याच खिडकीत ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ टॅब आहे. वर सांगितलेलं काहीही करण्याआधी तिथे सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन चालू करा आणि ‘क्रिएट’ दाबून रिस्टोअर पॉइंट (नंतर परतता येईल अशी खूण) बनवा. ड्रायव्हर आणि सेटिंग्ज यांच्यासाठी तो उपयोगी पडतो. पार्टिशन बदललं असेल तर त्याने ते परत येत नाही. त्याला बॅकअपच हवा.

शिफ्ट दाबून धरलं की

विंडोजमध्ये शिफ्टची की अनेक ठिकाणी लपलेला थर उघडते, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं.

शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. मशीन थेट सुरू न होता निळ्या पडद्यावर थांबतं. तिथून ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. त्यात सिस्टिम रिस्टोअर, स्टार्टअप रिपेअर, नुकतंच आलेलं अपडेट काढणं आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ हे सगळं असतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जायला सुरुवातीला एफ२, डिलीट, एफ१० असं घाईघाईने दाबत बसण्यापेक्षा हा रस्ता निवांत आहे. सेफ मोड (गरजेपुरत्याच ड्रायव्हरसह चालणारं विंडोज) हवा असेल तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, मग रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. इंटरनेटसह हवा असेल तर ५. लॉगिनच्या पडद्यावरच्या पॉवर चिन्हातूनही हे जमतं, म्हणजे पासवर्ड टाकल्यावर मशीन अडकत असेल तरी अडत नाही.

पण आधी एक तपासा. नव्या मशीनवर डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असते, आणि या वाटेने गेलं की ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून खातं उघडून ती दिसते याची खात्री करून मगच पुढे जा.

शिफ्ट धरून ‘शट डाउन’वर क्लिक केलं तर मशीन खरोखर पूर्ण बंद होतं. म्हणजे एरवी होत नाही का? बऱ्याच मशीनवर नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं तेव्हा विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. पटत नसेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा आणि ‘अप टाइम’ वाचा. रोज रात्री शट डाउन करणाऱ्याच्या मशीनवर तिथे नऊ-नऊ दिवस दिसतात. रीस्टार्टला हा नियम लागू नाही, म्हणूनच ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला शट डाउनने पाळला जात नाही. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथे आधी ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा, मगच खूण काढता येते.

फाइलवर शिफ्ट धरून राइट-क्लिक केलं की विंडोज ११ मध्ये नवा आखूड मेनू टाळून जुना पूर्ण मेनू येतो. ‘शो मोअर ऑप्शन्स’वर रोज क्लिक करून कंटाळला असाल तर हीच सवय लावा. त्याच मेनूतलं ‘सेंड टू’ही शिफ्टमुळे लांबलचक होतं, त्यात तुमचे सगळे फोल्डर येतात.

टास्कबारवरच्या चिन्हावर शिफ्ट धरून राइट-क्लिक: मूव्ह, साइझ, क्लोज असा जुना मेनू. दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी खिडकी पडद्याबाहेर राहते, खाली चिन्ह दिसतं पण खिडकी नाही. या मेनूतून ‘मूव्ह’ निवडा, कोणतीही बाणाची की एकदा दाबा आणि माउस हलवा. खिडकी कर्सरला चिकटून आत येते.

टर्मिनल आणि रन: इथे काय चिकटवू नये

विन + एक्स, ए ने अ‍ॅडमिनचे हक्क असलेलं टर्मिनल उघडतं. तिथे लिहिलेली कमांड मशीनमध्ये जवळपास काहीही करू शकते. काही बनावट वेबसाइट ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं म्हणून विन + आर दाबायला, मग कंट्रोल + व्ही आणि एंटर करायला सांगतात. तोवर त्यांनी तुमच्या क्लिपबोर्डवर स्वतःची कमांड गुपचूप ठेवलेली असते. खरा कॅप्चा रन किंवा टर्मिनल कधीही उघडायला लावत नाही. ऑफिसच्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर यातल्या बऱ्याच खिडक्या नुसत्या बघता येतील, बदलता येणार नाहीत; तिथे आयटीवाल्यांनाच हाक मारा.

मेनूच उघडत नसेल, किंवा बदलायचा असेल

विन + एक्स हा मेनू विंडोज एक्सप्लोरर दाखवतो. टास्कबारच गोठला तर तोही येणार नाही. तेव्हा कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. उघड्या फाइल सुरक्षित राहतात, फक्त फोल्डरच्या खिडक्या बंद होतात.

मेनूतली नावं कमी करायची असतील तर तुमच्या यूजर फोल्डरमधलं लपलेलं ‘अ‍ॅप डेटा’, त्यात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि शेवटी ‘विन एक्स’ हे फोल्डर उघडा. आत ग्रुप १, २, ३ अशी फोल्डर आहेत, मेनूतल्या आडव्या रेघांमधले कप्पे तेच. नको असलेला शॉर्टकट डिलीट न करता कट करून दुसरीकडे ठेवा आणि एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. नवा शॉर्टकट मात्र नुसता कॉपी करून चालत नाही. विंडोज प्रत्येक शॉर्टकटमधली एक खूण तपासतं आणि ती नसेल तर तो दाखवतच नाही. त्यासाठी विनेरोचं ‘विन + एक्स मेनू एडिटर’ हे मोफत साधन आहे, ते ही खूण घालून देतं.